शिट्टी मोठी, वाळू जागेवर

आबांचं मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळक्या मोटारीत नवी तार गुंडाळून द्यायचं दुकान कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात होतं. शाळा सुटली की मी तिथं जळक्या मोटारींची तार सोडवत बसायचो. पंपाच्या नि गिरणीच्या मोटारींच्या राड्यात अधूनमधून व्हॅक्यूम क्लीनरची बारकी मोटारही यायची, काळीठिक्कर होऊन. गिऱ्हाईक सांगायचं, "चांगली चालली होती, आवाज तर वाढलाच होता, आणि एकदम धूर." आबा तार कापता कापता म्हणायचे, "आवाज वाढला तेव्हाच बंद करायची की."

ह्याचा अर्थ मला फार उशिरा लागला. घरगुती मशीनमध्ये ओढलेली हवाच वाइंडिंगवरून जाते आणि मोटार थंड ठेवते. पाइप तुंबला की हवा थांबते, मोटारीवरचा भार उतरतो, फेरे वाढतात, शिट्टी वाजते. तेव्हा तारेतला करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावून बघा, ॲम्पियर उतरलेले असतात. माणसाला वाटतं जोर वाढला. मोटार मात्र काहीच काम न करता आतल्या आत भाजत असते.

दुकान माझ्याकडं आल्यावर शिरोलीच्या एका फाउंड्रीतून, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यातून, वाळू ओढायच्या व्हॅक्यूम क्लीनरची विचारणा आली. मोल्डिंगची, म्हणजे साचे बनवायची, वाळू सगळ्या शॉपभर, आणि पोरं ती कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवायची. म्हणजे इथली धूळ तिथं, आणि थोडी छातीत. बाहेरचं मशीन परवडत नव्हतं. आम्ही पत्र्याच्या ड्रमवर 1000 वॉटची मोटार बसवली. ह्या वेळी बायपास, म्हणजे थंड करायला वेगळा पंखा असलेली. जोर कमी पडतोय म्हणून दुसरी लावली, मग तिसरी. 3000 वॉट, तेरा-एक ॲम्पियर. अभिमानानं नेऊन चालू केलं. तिथला सुपरवायझर पाच मिनिटं बघत उभा राहिला आणि म्हणाला, "मालक, शिट्टी लई मारतंय, पर वाळू उचलंना."

मशीन परत आलं. उधारीचं सोडा, लाजच जास्त वाटली.

मग भिंतीवर पारदर्शक नळी यू आकारात ठोकली, लाल शाईचं पाणी भरलं आणि पहिल्यांदा ओढ मोजायला बसलो. एका मोटारीवर नळीच्या दोन बाजूंच्या पाण्यात 1000 मिलिमीटरचा फरक पडतो त्या जागी हवा भरत होती तासाला साधारण 100 घनमीटर. दाब गुणिले हवा केलं तर 270 वॉटच्या आसपास. म्हणजे 1000 वॉट घेऊन खरं काम एवढंच. बाकी सगळं उष्णता आणि आवाज. तीन मोटारी शेजारी शेजारी लावल्यानं हवा वाढते, ओढ वाढत नाही, हेही त्या नळीनंच दाखवलं. आणि वाढलेली हवा जायची कुठून? त्याच 38 मिलिमीटरच्या होजमधून, म्हणजे ओढायच्या पाइपातून. हवा दुप्पट ढकलायची तर होजमधला दाबाचा तोटा चौपट. पुढच्या दोन मोटारी निव्वळ होजशी भांडत होत्या.

होज 50 चा केला. तेवढ्याच हवेला तोटा चौथ्या हिश्श्यावर आला. मशीननं वाळू अशी ओढली की आम्ही गाळ्यातच चहा मागवला. मग मला हाव सुटली: एवढा तोटा वाचतोय तर एकच मोटार ठेवू, लाइट बिलात तिसरा हिस्सा! ते मशीन फरशीवरची वाळू उचलायचं, पण होज जिथं उभा चढायचा तिथं वाळू बसायची. जाड पाइपात हवेचा वेग सेकंदाला 14 मीटरवर उतरला होता आणि वाळूला वीसच्या वर लागतो. शेवटी दोन मोटारी, 50 चा होज आणि तोही लागेल तेवढाच लांब. 2000 वॉट. त्याच सुपरवायझरनं ते ठेवून घेतलं.

तरी गिऱ्हाईक आजही पहिला प्रश्न विचारतं, "किती वॉटचा?" युरोपात 2014 साली घरगुती व्हॅक्यूम क्लीनरवर 1600 वॉटची मर्यादा आली आणि 2017 पासून ती 900 वर आणली, हे मी सांगतो तेव्हा लोकांना थाप वाटते. ओल्या-सुक्या आणि कारखान्यातल्या मशीनना तो नियम नव्हता, पण मला त्यातली पुढची गोष्ट जास्त आवडते. तिथल्या मशीनवर लागणारं ऊर्जेचं लेबल रिकाम्या पिशवीवर चाचणी करून ठरायचं, म्हणून व्हॅक्यूम क्लीनर बनवणारी डायसन कंपनी न्यायालयात गेली आणि 2018 मध्ये न्यायालयानं ते लेबलच रद्द ठरवलं. वाचून हसू आलं, कारण आमचा कॅटलॉगही रिकाम्या ड्रमचेच आकडे छापत होता.

आता एक पोतं फाउंड्रीची वाळू गाळ्यातच असते. ती ओढून झाल्यावरचा आकडा छापतो. छापील आकडा खाली आला, एक-दोन डीलर नाराज झाले. फिल्टरचं कापड चांदणीच्या आकारात शिवून घेतलं, कापड दुप्पट लागलं आणि खर्चही वाढला, पण त्यातून जाणारी हवा निम्म्या वेगानं जाते, तोटा निम्मा होतो आणि कापड तुंबायला वेळ लागतो. ते झटकायला बाहेर एक दांडा आहे. तो शिफ्टला चार वेळा हलवायचा, एवढंच काम.

कोणी हलवत नाही. फिल्टर तुंबलाय का ते दाखवणारा लाल-हिरवा गेज लावला, तोही कोणी बघत नाही. गेल्या महिन्यात कागलच्या एका ऑपरेटरला विचारलं, तर म्हणाला, "गेजकडं कोण बघतंय साहेब, शिट्टी वाढली की कळतंय की." पठ्ठ्या बरोबर बोलत होता. फक्त शिट्टी वाढल्यावर तो खुश होऊन काम चालू ठेवत होता. आता मोटार बंद केली की दांडा आपोआप हलेल अशी स्प्रिंग जोडतोय. तिसरा नमुना वाकलाय, चौथ्याचं ड्रॉइंग टेबलावर आहे.