प्रवाळाच्या आतला समुद्र

ठाणे, रविवार

मॉरिशसहून आम्ही परवा परतलो. इथे मे महिन्याचा उकाडा जीव नकोसा करत असताना तिथे दक्षिण गोलार्धातला हिवाळा सुरू होत होता, त्यामुळे लख्ख उन्हातही किनाऱ्यावर तासन्‌तास बसता आले. फ्लिक-आं-फ्लाकच्या किनाऱ्यावरील सुरूची रांग पाहून सासूबाई म्हणाल्या, "अगं, हे तर आपलं गुहागरच!" पाणी मात्र गुहागरचे नव्हते. बेटाच्या बहुतेक किनाऱ्याभोवती प्रवाळाची भिंत आहे. महासागराच्या लाटा तिच्यावर फुटतात आणि आत उरते ते उथळ, हिरवे-निळे, संथ पाणी. त्याच प्रवाळाचा चुरा होऊन तिथली पांढरी वाळू तयार होते. दक्षिणेला ग्री-ग्री येथे या भिंतीत खंड पडतो, तिथे लाटा थेट काळ्या कड्यावर आदळतात. मला तो किनारा अधिक आवडला, कारण समुद्राचे खरे बळ तिथेच कळले.

पोर्ट लुईमध्ये रस्त्यावरच धोल पुरी खाल्ली. पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचे सारण भरलेली ती मऊ पोळी सासूबाईंनी निरखून पाहिली आणि गूळ नसलेली पुरणपोळी म्हणून मनापासून वाखाणली.

तिथून जवळच आप्रवासी घाट आहे. 1834 पासून करारबद्ध मजूर म्हणून जवळजवळ पाच लाख भारतीय मॉरिशसला आणले गेले आणि 1849 मध्ये बांधायला घेतलेल्या या केंद्रातून त्यांच्यापैकी बहुतेकांना उसाच्या मळ्यांवर पाठवले गेले. कलकत्ता आणि मद्रासप्रमाणे मुंबई बंदरातूनही जहाजे सुटली व कोकणातली माणसेही त्यांतून गेली. आज गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. आम्ही काही तासांत विमानाने ओलांडलेला समुद्र त्यांनी कित्येक आठवडे सोसला, हे त्या दगडी पायऱ्यांसमोर उभे असताना मला फार जड गेले. मॉरिशसला जाणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाने किनाऱ्याच्या वेळेतून एक सकाळ या घाटासाठी काढावी, असे मला कळकळीने वाटते.

सासूबाईंच्या माहेरी, पूर्वी घरातला एक जण जहाजाने गेला तो परतलाच नाही, असे सांगत आले आहेत. तो कुठे गेला, हे कोणालाही ठाऊक नाही. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत या मजुरांच्या नोंदी जपलेल्या आहेत. आज दुपारी सासूबाईंनी माहेरच्या गावाचे नाव आणि आठवतील तेवढी वडीलधाऱ्यांची नावे मला कागदावर लिहून दिली. संस्थेला पाठवायचे पत्र मी उद्या लिहायला घेणार आहे.