सामी तमीमीचं किचन

मंगळवार, रात्र

ऑफिसातनं आल्यापासून सामी तमीमीच डोक्यात आहे, लंडनचा पॅलेस्टिनी शेफ. त्याचं ‘बुस्तानी’ हे रेसिपींचं पुस्तक वाचतेय, 2025 मध्ये आलेलं. माणूस 1968 चा आणि फक्त स्वतःच्या नावावरचं हे त्याचं पहिलंच पुस्तक, म्हणजे बघा.

लंडनची ‘ऑटोलेंगी’ दुकानं खाण्याची आवड असलेल्या बऱ्याच लोकांना माहीत असतात, पाटीवर योतम ऑटोलेंगी या इस्रायली शेफचं नाव. पण 2002 मध्ये नॉटिंग हिलला पहिलं दुकान उघडलं तेव्हाच सामी त्यात भागीदार आणि शेफ होता. त्याआधी जेरुसलेमच्या एका हॉटेलच्या किचनमध्ये अगदी खालपासून सुरुवात, मग तेल अवीवच्या ‘लिलिथ’ रेस्टॉरंटमध्ये हेड शेफ, मग 1997 मध्ये लंडन.

योतमही जेरुसलेमचाच, तोही 1968 चा, तो पश्चिमेकडच्या ज्यू वस्तीत वाढला आणि हा पूर्वेकडे अरब मुस्लिम घरात. दोघंही पुढे तेल अवीवला राहिले, दोघंही 1997 ला लंडनला आले आणि ओळख झाली ती 1999 मध्ये ‘बेकर अँड स्पाइस’ बेकरीत! 2012 मध्ये दोघांनी मिळून जेरुसलेमच्या खाण्यावर पुस्तक केलं, ते खूप गाजलं. लोकांना ही गोष्ट गोड वाटते. मला मात्र आधी हेच टोचतं की एका शहरातल्या दोन पोरांना भेटायला दुसऱ्या देशात जावं लागलं.

मला सगळ्यात भिडलं ते 2020 चं ‘फलस्तीन’, टारा विगलीबरोबर लिहिलेलं. त्यात रेसिपींच्या मधेमधे माणसं येतात, जुन्या वाणांच्या बिया जपणाऱ्या विव्हियन सन्सूरसारखी. हे जेवण पॅलेस्टिनी आहे, नुसतं ‘मिडल ईस्टर्न’ म्हणून मोकळं व्हायचं नाही, हे तो आवाज न चढवता पानापानावर म्हणतो आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं, कारण तिकडे रानातला पालासुद्धा साधी गोष्ट नाहीये. इस्रायलने 1977 मध्ये रानातला झातर, म्हणजे मसाल्यात वापरतात तो सुगंधी पाला, तोडायला बंदी घातली, 2005 मध्ये अक्कूब नावाच्या काटेरी रानभाजीवर, कारण दिलं निसर्ग जपण्याचं, आणि पिढ्यान् पिढ्या डोंगरावर भाजी खुडणाऱ्या बायकांना दंडाची भीती बसली. सामीच्या आजोळची बाग वेस्ट बँकेतल्या हेब्रॉनला, ‘बुस्तानी’ म्हणजे ‘माझी बाग’, नाव त्या बागेवरूनच, बहुतेक सगळं भाज्यांचं. हे माहीत असलं की साधी पालेभाजीची रेसिपी पण वेगळी वाचली जाते.

फ्रीके तर अगदी आपल्या गव्हाच्या ओंब्या, हिरवा गहू जाळावर भाजून चोळायचा, फक्त तिकडे तो वाळवून वर्षभर ठेवतात आणि सूप, भात असं काहीही करतात.

रविवारी मुसख्खन करायचंय. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऑलिव्ह काढले की नवं तेल कसं आलंय ते बघायला करतात ते हेच, चिकन, भरपूर तेलात मऊ झालेला कांदा, सुमाक हा आंबट लाल मसाला, खाली ताबून म्हणजे तिकडची भट्टीतली रोटी जी तो सगळा रस पिते. आत्तेबहिणीने दुबईहून सुमाक आणलंय, रोटी जाड नानवर भागवणार. आईने विचारलं कांदे किती चिरू, म्हटलं एक किलो तरी धर.