शिसपेन्सिल

सकाळपासून तीनदा टोक मोडलं. दोष पेन्सिलीचा नाही, माझ्या हाताचा. शार्पनर हरवल्यापासून मी चाकूनं टोक काढतो आणि त्याची मला उगाचच फुशारकी वाटते. पातं नुसतं टेकवायचं, अंगठ्यानं मागून हळूच रेटायचं, दुसऱ्या हातानं पेन्सिल जराजराशी फिरवत राहायची. पहिला पापुद्रा निघाला की लाकडाचा वास येतो. झाड तुटून किती काळ लोटला असेल कुणास ठाऊक, वास मात्र आत दडून बसलेला. मग काळी कांडी दिसू लागते. तिथं हात हलका पडायला हवा, आणि नेमकी तिथंच माझी घाई नडते.

शिसपेन्सिल म्हणतो खरं, पण तिच्यात शिसं औषधालाही नसतं. असतं ते ग्रॅफाइट. सोळाव्या शतकात इंग्लंडमधल्या बॉरोडेलच्या डोंगरात ते सापडलं, तेव्हा लोकांना तो शिशाचाच प्रकार वाटला. नाव चिकटलं ते चिकटलंच. ग्रॅफाइट म्हणजे कार्बन, हिऱ्याचा सख्खा भाऊ. हिऱ्यात अणूंनी एकमेकांना चहूबाजूंनी गच्च धरलेलं असतं. ग्रॅफाइटमध्ये त्यांचे थर असतात आणि थराथरांतली पकड ढिली. कागदावर घासलं की ते सुटून येतात. म्हणजे आपलं सगळं लिहिणं त्या ढिल्या पकडीच्या जिवावर. (इथं नातेवाइकांबद्दल काहीतरी सुचत होतं, आवरलं.)

फ्रान्सचं इंग्लंडशी युद्ध जुंपलं आणि इंग्लंडचं ग्रॅफाइट यायचं बंद झालं. तेव्हा १७९५ मध्ये निकोला-जाक काँतेनं ग्रॅफाइटची पूड चिकणमातीत कालवून भट्टीत भाजली. माती जास्त तर पेन्सिल कडक आणि फिकी, कमी तर मऊ आणि काळीभोर. पेन्सिलीवरची एच (कडक) आणि बी (काळी) ही अक्षरं अजून तोच हिशेब सांगतात.

स्वावलंबनाचा विषय निघाला की हटकून आठवतो तो अमेरिकन लेखक थोरो. ४ जुलै १८४५ ला हा गडी वॉल्डन तळ्याकाठी स्वतः बांधलेल्या खोपटात राहायला गेला आणि दोन वर्षं, दोन महिने, दोन दिवस तिथं राहिला. त्याच्या घरचा धंदा पेन्सिलींचा होता. ग्रॅफाइटमध्ये माती मिसळून त्यानं घरची पेन्सिल इतकी सुधारली की ती अमेरिकेतल्या उत्तम पेन्सिलींत गणली गेली. आता त्याचं खोपट बघा. जमीन मित्राची, इमर्सनची. कुऱ्हाड उसनी. सांगाडा उभा करायला ओळखीपाळखीची माणसं आली. यावरून काही जण त्याला ढोंगी ठरवतात. मला ते पटत नाही. घेतली तेव्हापेक्षा जास्त धार लावून आपण कुऱ्हाड परत केली, असं त्यानंच लिहून ठेवलंय. माझ्या लेखी तिथं हिशेब मिटला. कुणाची वस्तू मी अशी परत केल्याचं मला आठवत नाही. एक छत्री तर अजून माझ्याकडेच आहे.

तर टोक काढत होतो ते खिडकीबाहेरचं झाड काढायला. चित्रकलेशी माझा संबंध शाळेतच तुटला होता, तो आता नव्यानं जोडतोय. पहिल्या कागदावर मी इमानेइतबारे एकेक पान काढत गेलो. झाडाची केरसुणी झाली. दुसऱ्या कागदावर जरा बरी केरसुणी. तिसऱ्या वेळी कंटाळून पेन्सिल आडवी धरली आणि पानांच्या मधला अंधार तेवढा भरत सुटलो. पाचेक मिनिटांनी बघतो तर न काढलेल्या जागी पानं! कागदाचा पांढरा रंग नुसता राहू दिला होता, तीच पानं. पानं मी काढली असं म्हणवत नाही, आणि नाही काढली असंही नाही. तेवढ्यात वारा आला, फांदी जागची हलली आणि सावल्यांचा सगळा मेळ बिघडला. झाडाला काय, त्याला थोडंच कुणासाठी बसायचं असतं.

चौथ्यांदा टोक काढताना पेन्सिल इतकी आखूड झाली की बोटांत मावेना. टाकवत मात्र नाही. खण उपसून एका जुन्या पेनाचं टोपण शोधलं, त्यात ती खोचली. घट्ट बसली. टोपण कुणाच्या पेनाचं होतं, आठवत नाही.