गव्याच्या सहाव्या बरगडीपाशी

दोडामार्ग तालुक्यात पशुवैद्यक म्हणून काम करताना गाई-म्हशींची शवविच्छेदनं बरीच केली होती. गव्याचं मात्र ते पहिलंच. एप्रिल महिना, तिलारीच्या पट्ट्यातला आटलेला वहाळ, त्यात पडलेला पूर्ण वाढीचा नर. जमलेल्या सगळ्यांचं एकच म्हणणं, पाय घसरून वरून पडला.

नाकातून रक्त आलं होतं. अशा वेळी कितीही घाई असली तरी जनावर उघडायचं नाही. काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स, असेल तर हवा लागताच जंतूंचे बीजाणू होतात आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतात. कानाच्या शिरेतलं थेंबभर रक्त काचेवर घेऊन दवाखान्यात पाठवलं. 'काही नाही' असा सहकाऱ्याचा फोन येईपर्यंत साडेअकरा वाजले आणि पोट उन्हाने टम्म फुगलं.

दोन कुऱ्हाडी नि एक कोयता आणलेला होता. पण एवढ्या मोठ्या जनावरातही बरंचसं काम सुरीचंच. पुढचा पाय धडाला हाडाने जोडलेला नसतो, नुसत्या स्नायूंनी धरलेला असतो. काखेतून सुरी फिरवत गेलं की फरा अख्खा उचलून येतो. कुऱ्हाड लागते ती बरगड्यांना, कण्याजवळ. तिथेही घाव निसटला तर थेट कोठ्यात जातो आणि आतलं सगळं घाण होतं.

फरा उचलला तर खाली तळहाताएवढं गोठलेलं काळं रक्त. पडल्याचा मार असेल, असं मलाही वाटलं. एका मजुराने बरगड्या फोडायला कुऱ्हाड उगारली, तोच एक म्हातारे वनमजूर ओरडले, "थांब रे! थयसर घाव घालू नको. डॉक्टरानू, आधी भोक बघा."

सहाव्या बरगडीच्या कडेला करंगळी जेमतेम शिरेल एवढं भोक होतं. हाडाच्या किरच्या आत वळलेल्या. कुऱ्हाडीचा एक घाव पडला असता तर ही कड राहिलीच नसती. आणि तीच तर साक्ष होती!

मग म्हाताऱ्यांनी दाखवलं तसं केलं. भोकापासून वीतभर लांब कोयत्याची धार बरगडीवर टेकवायची आणि वरून लाकडी दांडक्याने ठोकायचं. हाड फुटत नाही, कापलं जातं. बरगड्या अशा एकेक करून काढायला दोन तास गेले. छातीची पोकळी रक्ताने भरलेली. पलीकडच्या बाजूला, दोन बरगड्यांमध्ये, बोटांना काहीतरी कठीण लागलं. ठासणीच्या बंदुकीची शिशाची गोळी, काजूच्या बीपेक्षाही लहान. लोखंडी चिमटा न लावता बोटांनीच काढली, कापसात गुंडाळून डबीत ठेवली. पंचांच्या सह्या झाल्या, लाख लागली.

1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात गवा पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांत आहे. एवढ्या मोठ्या देहाला एवढीशी गोळी पुरली, याचा संताप मला आजही येतो.

शिंगांसकट जाळायला लाकडं रचत होते. हे कुठे शिकलात, असं मी कोयता धुताना म्हाताऱ्यांना विचारलं. तरुणपणी गावाबरोबर पारधीला जात असत, एवढंच सांगून ते लाकडं लावायला गेले.