तुम्ही विचारलेत म्हणून: माझ्याकडे फायरफॉक्स, तुमच्याकडे क्रोम

"सर, तुमच्या घरी फायरफॉक्स आणि आमच्या संगणकावर मात्र क्रोम, हे कसे?" हा ब्राउझरांबद्दलचा प्रश्न मला अमळनेरात निदान आठवड्यातून एकदा ऐकावा लागतो, आणि विचारणारे बहुतेक माझ्याच वर्गातून एमएस-सीआयटी करून गेलेले असल्यामुळे त्यात थोडा टोमणाही असतो. याच लोकांना मी एके काळी 'निळा ई म्हणजे इंटरनेट नव्हे' असे घसा कोरडा पडेपर्यंत सांगत असे. आजवर मी हसून विषय टाळत आलो; आता एकदाचे लिहून टाकतो.

मी स्वतः फायरफॉक्स का वापरतो, हा भाग सोपा आहे. मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररची, म्हणजे त्याच निळ्या ईची, सहावी आवृत्ती २००१ साली आली आणि सातवी यायला २००६ उजाडले, कारण मैदानात दुसरे कोणी उरलेच नव्हते. त्या काळात मराठी वर्तमानपत्रांची संकेतस्थळे आपापले फॉन्ट वापरीत. ती एक्सप्लोररमध्ये वाचता येत आणि अन्यत्र उघडली तर बहुधा मथळ्याच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसे. एकाच कंपनीच्या मर्जीवर आपले वाचन अवलंबून असण्याचा तो अनुभव ज्याने घेतला, त्याला नोव्हेंबर २००४ मध्ये आलेल्या फायरफॉक्सच्या पहिल्या आवृत्तीचे अप्रूप वाटणे साहजिक होते. आज एक्सप्लोरर गेला, पण परिस्थिती फार वेगळी आहे असे मला वाटत नाही. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी या पाच पाट्या वेगळ्या असल्या तरी माल एकाच गोदामातला, म्हणजे गुगलच्या क्रोमियमचा आहे. ऑपेराने स्वतःचे इंजिन, म्हणजे पान पडद्यावर उभे करणारा गाभा, २०१३ मध्ये सोडले आणि एजने २०२० मध्ये. सफारी ॲपलच्या यंत्रांपुरता. घरच्या विंडोज संगणकावर खरोखर वेगळे इंजिन असलेला नावाजलेला ब्राउझर एकच उरतो. शिवाय जाहिराती अडवणारे यूब्लॉक ओरिजिन विस्तारकांसाठीच्या (ब्राउझरला जोडायच्या पुरवण्यांसाठीच्या) क्रोमच्या नव्या नियमांत बसत नाही, फायरफॉक्समध्ये ते पूर्ण ताकदीने चालते.

यावर तुम्ही म्हणाल की फायरफॉक्सचे पोटही गुगलच्याच पैशावर भरते. खरे आहे. शोधासाठी गुगल आधीपासून निवडून ठेवण्याचे जे पैसे मिळतात, तेच फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचे मुख्य उत्पन्न आहे, आणि या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

मग तुमच्याकडे क्रोम का? त्यासाठी जून २०१९ मधली एक रात्र सांगावी लागेल, जी मी आजवर कोणाला पूर्ण सांगितलेली नाही.

माझ्या भाचीचा पदविका प्रवेशाचा अर्ज भरायचा होता आणि मुदत त्याच रात्री बारा वाजता संपत होती. बहीण गावातच राहते. तिच्या घरचा लॅपटॉप मीच लावून दिलेला, म्हणून त्यात फायरफॉक्स एवढा एकच ब्राउझर आणि तोही माझ्या पद्धतीने बांधून काढलेला: संरक्षण 'कडक' पातळीवर, पॉप-अप बंद, वर जाहिराती अडवणारे विस्तारक. संध्याकाळी सहाला बसलो. छायाचित्र आणि सही ठरलेल्या आकारात बसवण्यात, मध्ये वीज गेल्याने पुन्हा सुरुवात करण्यात साडेनऊ झाले, आणि मग शुल्क भरण्याचे पान आले. बँकेचे पान उघडले, ओटीपी आला, पैसे गेले आणि परत अर्जावर आलो तर 'आपले सत्र संपले आहे, पुन्हा प्रवेश करा' असे उत्तर. पुन्हा प्रवेश केला, तर शुल्क भरलेच नाही अशी नोंद. दुसऱ्यांदा भरले, दुसऱ्यांदा पैसे गेले, आणि पावती काही आली नाही.

तेव्हा भाची हळूच म्हणाली, "मामा, क्रोममध्ये करून बघू या का? मैत्रिणीचा त्यात लगेच झाला." मी तिला त्या वेळी जे उत्तर दिले ते शब्दशः आठवते: "दोष ब्राउझरचा नाही, हे संकेतस्थळच गचाळ आहे." आणि त्यात खोटे काही नव्हते. पावणेदहा ते साडेअकरा मी हे सत्य सिद्ध करण्यात घालवले, कुकीज (संकेतस्थळे ब्राउझरमध्ये ठेवतात त्या छोट्या नोंदी) पुसल्या, लॅपटॉप बंद-चालू केला, अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांना शिकवावे तसे सोळा वर्षांच्या घाबरलेल्या मुलीला संकेतस्थळे कशी बांधावीत यावर व्याख्यान दिले. अकरा चाळीसला शेवटी क्रोम उतरवून घेतला. आधीचे दोन व्यवहार प्रलंबित असल्यामुळे शुल्काचे बटणच बंद पडले होते. बारा वाजले. बहीण स्वयंपाकघरातून एवढेच म्हणाली, "जाऊ दे भाऊ, नशीबमा नही व्हतं."

पैसे आठवड्याने खात्यात परत आले. प्रवेश पुढच्या फेरीत मिळाला, पण जळगावऐवजी नंदुरबारला. म्हणजे त्याच सुरत–भुसावळ मार्गावर, पण उलट दिशेला आणि रोज ये-जा करण्याच्या पलीकडे. तीन वर्षे ती वसतिगृहात राहिली.

पुढे एका किरकोळ शुल्कावर मी तोच प्रकार घडवून पाहिला. मी लावलेल्या कडक पातळीमुळे बँकेकडून परतताना लागणाऱ्या दुसऱ्या संकेतस्थळाच्या कुकीज अडत होत्या; पातळी 'प्रमाण', म्हणजे नेहमीची, केली की काम सुरळीत होई. म्हणजे त्या रात्री ब्राउझर बदलण्याचीही गरज नव्हती, एक खूण बदलायची होती, आणि ती कोणती हे त्या घरात फक्त मला माहीत असायला हवे होते.

पूर्वीचा मी यावर भांडेल. तो म्हणेल की एका ब्राउझरमध्येच तपासून पाहिलेली पाने खपवून घेतली म्हणूनच एक्सप्लोररचे राज्य इतकी वर्षे चालले, आणि शंभर घरांत क्रोम टाकून तू तेच राज्य पुन्हा उभे करतो आहेस. बरोबर आहे त्याचे. पण त्याच्या तत्त्वाचे भाडे त्याने स्वतः दिले नाही, एका मुलीने दिले. आणि असे म्हणताना मी भित्रेपणाला जबाबदारीचे नाव देत असेन, हेही मला नाकारता येत नाही.

म्हणून तुमच्याकडे क्रोम टाकून देतो. अपवाद विंडोज ७ चा: त्या यंत्रांना क्रोमने फेब्रुवारी २०२३ मध्ये वाऱ्यावर सोडले, तर फायरफॉक्सने ११५ क्रमांकाची आवृत्ती त्यांच्यासाठी पुढेही सांभाळली, त्यामुळे तिथे मी बिनदिक्कत फायरफॉक्स बसवतो, फक्त पातळी 'प्रमाण' ठेवून आणि सूचनांची परवानगी बंद करून. वीजबिल भरताना अडले तर मला फोन करा, पण रात्री साडेअकराला नको.

गेल्या महिन्यात बहिणीने नवा संगणक घेतला. मी सवयीने क्रोम उतरवायला घेतला, तर ती म्हणाली, "तुनाकडे शे, तेच टाक." म्हणजे तुझ्याकडे आहे तेच. मी दोन्ही टाकले. फायरफॉक्सने पहिल्यांदा उघडताना विचारले की यापुढे मलाच नेहमीचा ब्राउझर ठेवायचे का, आणि मी 'आता नको' वर टिचकी मारली.