मशीनवरची हुडहुडी

माय डायलिसिसच्या मशीनवर चढली की अर्ध्या तासात तिला हुडहुडी भरायची. "मले लय थंडी वाजून रायली," म्हणायची. मी दोन चादरी टाकायचो. एसीची थंडी, असं सगळेच म्हणत.

घाटंजी तालुक्यातल्या आमच्या गावाहून पहिल्या एसटीनं यवतमाळ, चार तास मशीन, रात्री परत. आठवड्यातून तीन वेळा. महात्मा फुले योजनेतून डायलिसिसचा खर्च निघायचा, माझी मजुरी मात्र बुडायची. घरी तिला ताप राहिला की गावात व्हायरल म्हणून सुई घ्यायचो. तीन वेळा घेतली. हे मला आजही सलतं.

चौथ्या वेळी एका सिस्टरनं डायलिसिससाठी मायच्या मानेत बसवलेल्या नळीवरची पट्टी काढून पाहिली. पट्टीची एक कड सुटलेली होती, आत कापसाचा तंतू चिकटलेला, भोकाशी पिवळसर ओल. घरात तेव्हा कापूस छतापर्यंत रचलेला होता, माय त्याच खोलीत निजायची.

अँटिबायोटिक द्यायच्या आधी त्यांनी रक्त कल्चरला, म्हणजे त्यात कोणता जंतू वाढतो ते पाहायला, पाठवलं. स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा जंतू निघाला. डॉक्टरांनी कागदावर हृदय काढून दाखवलं. नळीचं टोक थेट हृदयाच्या उजव्या कप्प्याच्या तोंडाशी असतं. मशीन सुरू झालं की नळीतले जंतू रक्तात जातात, म्हणून थंडी तेव्हाच वाजते. हाच जंतू हृदयाच्या झडपेवर घर करू शकतो. इकोसाठी, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीसाठी, बाहेर बसलो तेव्हा माझे हातपाय गार पडले होते. झडप साफ निघाली. नळी काढली आणि चार आठवडे दर डायलिसिसच्या शेवटी अँटिबायोटिक दिलं.

मला वाटलं, संपलं. पण अंगातली सूज दाखवणारा सीआरपीचा आकडा खाली येईना, रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन वाढेना, आणि रक्तवाढीचं इंजेक्शन घेऊनही हिमोग्लोबिन आठच्या वर सरकेना. अंगात सूज धुमसत असली की त्या इंजेक्शनचा गुण येत नाही, रक्तवाहिन्या कडक होत जातात, हृदयावर भार पडतो. डायलिसिसवरची माणसं सगळ्यात जास्त हृदयविकारानं जातात, हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. आम्ही सगळं लक्ष किडनीवर ठेवून बसलो होतो. शेवटी डॉक्टरांनी मायचं तोंड उघडून पाहिलं. मागची दाढ कुजलेली, हिरडीत पू. माय वर्षभर एकाच बाजूनं चावत होती, कोणाला बोलली नाही. दाढ काढली, तीन महिन्यांत हिमोग्लोबिन साडेनऊवर आलं.

आता तिच्या डाव्या हातात फिस्टुला आहे, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला ऑपरेशननं जोडून केलेली रक्तवाहिनी. मशीनवर जायच्या आधी ती तो हात साबणानं धुते, मलाही धुवायला लावते. परवा बाजूच्या खाटेवरच्या काकांना थंडी वाजायला लागली. त्यांची मुलगी चादर शोधत होती. माय पडल्यापडल्याच ओरडली, "चादर राहू दे वो बाई, आधी सिस्टरले पट्टी काढून पाहाले लाव."