तुळजा लेणीतील वर्तुळाकार चैत्यगृह

जुन्नरच्या पश्चिमेला, पाडळी गावाच्या बाजूच्या डोंगरात तुळजा लेणी आहेत. तेथील चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचे स्तूप असलेले उपासनागृह, मला कार्ल्याच्या भव्य चैत्यापेक्षाही अधिक भावले. त्याचा व्यास जेमतेम २५ फूट. मध्यभागी अखंड खडकातून कोरलेला, कोणतेही अलंकरण नसलेला स्तूप असून त्याभोवती १२ अष्टकोनी खांब वर्तुळात उभे आहेत. या खांबांना ना तळखडा आहे ना शीर्ष, आणि त्यांच्यावर घुमटाकार छत थेट टेकलेले असल्यामुळे, लाकूड आणि गवताने शाकारलेल्या गोल झोपडीचा आकार शिल्पकारांनी दगडात उतरवला असावा, असे पाहताक्षणीच वाटते. असा वर्तुळाकार, खांबयुक्त आराखडा पश्चिम भारतातील लेण्यांत अतिशय दुर्मीळ आहे.

या चैत्याचा काळ सामान्यतः इ. स. पूर्व पहिले शतक मानला जातो. बुद्धमूर्ती कोरण्याची प्रथा तेव्हा आलेली नव्हती. उपासना स्तूपाचीच होत असे. खांब आणि भिंत यांच्यामधील अरुंद प्रदक्षिणापथावरून चालताना स्तूप प्रत्येक दोन खांबांमधून नव्याने दिसतो, आणि हे लहान आकारामुळेच साधते. दर्शनी भाग मात्र कोसळला असल्याने आत आज मूळ रचनेपेक्षा बराच अधिक उजेड येतो.

शेजारच्या खोल्यांवरील चैत्यकमानी, म्हणजे घोड्याच्या नालेच्या आकाराच्या कमानी, आणि स्तूपपूजेची छोटी शिल्पे घाईत नजरेतून सुटतात. त्यांपैकीच एका खोलीत तुळजादेवीची स्थापना झाली आणि तिच्यावरून लेण्यांना हे नाव पडले. तेथे आजही पूजा होते.